प्रभारी युवा प्रमुख

पाचघरे काका आमच्या मंडळाच्या युवा शाखेचे प्रमुख आहेत, आणि त्यांना वरची-खालची अशा दोन्ही कवळ्या आहेत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असू शकतो असं त्यांच्या मनातही येत नाही. गणपतीत स्टेजवर उभे राहून ते "आम्ही तरुण मंडळी" अशी सुरुवात करतात, तेव्हा समोरचे सगळे आपापल्या मोबाइलमध्ये तोंड खुपसतात. कारण कोणी हसलं, तर काका भाषण थांबवतात, चष्म्यावरून त्याच्याकडे बघतात आणि माइकवरूनच विचारतात, "तुमचं जन्मसाल काय हो?"

मंडळ म्हणजे जयपूरच्या प्रताप नगरात आणि आसपास विखुरलेल्या आमच्यासारख्या बदलीच्या मराठी माणसांचं एक लहानसं मंडळ. कोणी बँकेतलं, कोणी रेल्वेतलं, कोणी केंद्र सरकारच्या कुठल्यातरी खात्यातलं. काका मूळ अमरावतीचे. विमा कार्यालयात अधिकारी होते, बदली होऊन इकडे आले आणि इथलेच झाले. बोली मात्र अमरावतीचीच ठेवली. हाउसिंग बोर्डाच्या आमच्या इमारतीत ते वरच्या मजल्यावर एकटे राहतात, काकू जाऊन बरीच वर्षं झाली. खालच्या मजल्यावर मी आणि कॉलेजात जाणारी माझी मुलगी ईरा. मी बँकेत आहे, इथल्याच झालाना भागातल्या ऑफिसात, आणि माझा नवरा त्याच्या खात्याच्या कृपेने भोपाळला. आमच्या घरात पुरुषमाणूस म्हणून जे काही असतं ते बहुतेक संध्याकाळी पाचघरे काकाच असतात.

आमचा सामानाचा ट्रक उतरत होता त्या दिवशीच ते खाली आले. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. आधी माझं जन्मसाल विचारलं, मग ईराचं. मी जरा फणकाऱ्यानेच सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "चांगले लाइफ आहेत दोन्ही." नंतर कळलं की विमा कार्यालयात त्यांनी आयुष्यभर प्रस्तावाचे कागद तपासले, आणि त्या खात्यात माणसाला माणूस म्हणत नाहीत, लाइफ म्हणतात. काकांनी निवृत्तीनंतरही ती सवय सोडली नाही. दूधवाल्या भैयाचं लाइफ जोखमीचं आहे कारण तो बिडी ओढतो. समोरच्या शर्माजींच्या लाइफला साखर आहे. ईराने एकदा त्यांना आजोबा म्हणून हाक मारली, तेव्हा मात्र लगेच दुरुस्ती झाली. "काका म्हण बेटा. युवा शाखेत आजोबा नसते."

संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला ते आमच्याकडे येतात. त्यांचा टीव्ही चांगला चालतो, पण एकट्याने बातम्या पाहिल्या की रक्तदाब वाढतो, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे आल्यावर पहिलं काम म्हणजे रिमोट घेऊन आवाज बंद करणं. दिल्लीतला कुठलाही पुढारी पडद्यावर आला की काकांना त्याचा पक्ष, त्याचं खातं, त्याचा घोटाळा, कशाचीही गरज पडत नाही. ते त्याचं जन्मसाल सांगतात, तेही चुकत नाही, आणि मग पुढचा येईपर्यंत गप्प बसतात. मी एकदा म्हटलं, काका, निदान बोलतात काय ते तरी ऐकू या. तर म्हणाले, "आवाजावरून वय नाही कळत ताई. मान बघा. मान खोटं नाही बोलत."

या छंदाला शास्त्राची जोड दिली ती आमच्या ईराने. एका संध्याकाळी काकांनी तिच्या मोबाइलबद्दल काहीतरी शेरा मारला, आणि तिने मान वर न करता सांगितलं, "काका, मतलब, तुम्ही एकदम टिपिकल बूमर आहात." मला वाटलं, झालं, आता हे उठून जाणार. पण काका खुर्चीतून पुढे सरकले आणि म्हणाले, "म्हणजे काय, नीट सांग." ईराने सगळं सांगितलं. अमुक सालापासून तमुक सालापर्यंत जन्मलेले ते बूमर, त्यांच्या आधीचे सायलेंट, नंतरचे जेन एक्स, मग मिलेनियल, मग तिची स्वतःची जेन झी. ऐकता ऐकता काकांचा चेहरा उजळला. त्यांच्या ऑफिसात वयानुसार हप्त्याचे दर लावायचा तक्ता असे, तसा अख्ख्या मानवजातीचा तक्ता कोणीतरी करून ठेवलाय, आणि आपल्याला इतकी वर्षं कोणी सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ते हरकती घेऊन आले. "हे बूमर कुठून आले म्हणतेस?"

"अमेरिकेतून. महायुद्ध संपलं, सोल्जर लोक घरी परत आले, मग खूप मुलं झाली. म्हणून बूम."

"आमच्याकडे कोण परत आलं युद्धावरून? माझे वडील अमरावतीच्या कचेरीतून परत येत, रोज संध्याकाळी, थैलीत मेथी घेऊन. त्याले बूम म्हणतेस तू?"

ईरा हसायला लागली. काका हसले नाहीत. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. मग रोज संध्याकाळी देशाचे पुढारी या तक्त्यात बसवण्याचा उद्योग सुरू झाला, आणि एकही धड बसेना. एखादा मिलेनियल निघायचा, पण हात जोडून उभा राहण्याची तऱ्हा थेट पंजोबांची. एखादा पांढऱ्या भुवयांचा म्हातारा आला की काका म्हणायचे, "हे लाइफ कागदावर सायलेंट आहे. आणि तोंड पाहा, केव्हाचं हलून राहिलं." शेवटी त्यांनी तक्ता निकालात काढला. साध्या माणसाचं वय जन्मापासून मोजायचं आणि पुढाऱ्याचं वय वरचा माणूस उठल्यापासून, हा त्यांचा सिद्धांत. वरचा उठलाच नाही तर खालचा म्हातारा होत नाही, तो युवाच राहतो.

"आपल्या देशात तीनच पिढ्या आहेत ताई," त्यांनी मला चहा पिता पिता समजावलं. "कन्फर्म, आरएसी आणि वेटिंग. कन्फर्मवाले झोपले आहेत, उतरायचं स्टेशन आलं तरी उठत नाहीत. आरएसीवाल्याले बसायला मिळालं, पण पाय नाही पसरता येत. त्याले आपण युवा नेता म्हणतो. आणि वेटिंगवाले दाराशी उभे."

"आणि तुम्ही कशात बसता?" मी विचारलं. युवा शाखेची आठवण करून द्यायचा मोह आवरला नाही.

"मी प्रवासीच नाही. मी प्रभारी आहे."

हेही त्यांचं ठरलेलं. मंडळाच्या निमंत्रणपत्रिकेत त्यांच्या नावाखाली 'युवा प्रमुख' असं छापलं की ते पत्रिका परत पाठवायचे. 'प्रभारी युवा प्रमुख' असं पाहिजे. सरकारी नोकरीत साहेब रजेवर गेला की दुसऱ्याकडे प्रभार देतात, तसं. साहेब कोण आणि कधीचा रजेवर गेलाय, हे मी विचारलं नाही. आमच्यात म्हाताऱ्या माणसांच्या हट्टांना फार कारणं विचारत नाहीत.

आणखी एक गंमत ईराच्या लक्षात आली होती. पुढारी किती वयापर्यंत युवा समजायचा, याची काकांची एक मर्यादा होती. आम्ही जयपूरला आलो त्या वर्षी ती चाळीस होती. चाळिशीच्या वरच्या कोणाला टीव्हीवाल्यांनी युवा म्हटलं तर काका चिडायचे. पुढच्या वर्षी ती एक्केचाळीस झाली, त्याच्या पुढच्या वर्षी बेचाळीस. ईरा म्हणाली, "काका, ही लिमिट तर दर वर्षी पुढे जाते." काका म्हणाले, "देशाची गरज आहे बेटा." आम्ही दोघी खूप हसलो. त्या हसण्याचं मला आता बरं वाटत नाही.

एकदा त्यांनी ईराला विचारलं, मिलेनियल नेमके कोणत्या सालापासून सुरू होतात. ती म्हणाली, एक्क्याऐंशी.

"ऐंशीचा डिसेंबर असला तर?"

"तर जेन एक्स."

"असं कसं? आमच्या खात्यात जवळचा वाढदिवस धरत. डिसेंबर संपला की एक्क्याऐंशीच लागते नं. बसते तो मिलेनियलमध्ये."

"नाही बसत काका. पण कोणाचं आहे हे?"

"असाच एक नेता आहे," काका म्हणाले, आणि चहा न घेता वर निघून गेले.

यंदा संक्रांतीला मंडळाची सभा अध्यक्ष सबनीस बाईंच्या गच्चीवर होती. संक्रांतीला जयपुरात गच्चीवर सभा घेणं म्हणजे वेडेपणाच. आकाशात पतंग, प्रत्येक गच्चीवर स्पीकर, आणि कोणाचा मांजा कापला की चारही बाजूंनी आरडाओरडा. तिळगूळ वाटून झाला आणि सबनीस बाईंनी विषय काढला. युवा शाखेत आता युवा कोणी नाही. वर्षभरात एक कार्यक्रम झाला नाही. तर ती शाखा एक तर खऱ्याखुऱ्या तरुणाकडे द्यावी, नाहीतर बंद करावी. "आपली ईरा आहे," त्या म्हणाल्या. "मराठी अडखळत बोलते, पण बोलते तरी."

काका ताठ बसले. "बंद नाही करायची. आणि आत्ता कोणाले देता येत नाही."

रेल्वेतले एक गृहस्थ आहेत, वानखेडे म्हणून, स्वभावाने मोकळे. ते म्हणाले, "काका, रोज टीव्हीवरच्यांना नावं ठेवता तुम्ही, उठत नाहीत म्हणून. मग आता तुम्हीच उदाहरण घालून द्या की."

सगळे हसले. मीही हसले असेन. काकांच्या हातात तिळाचा लाडू होता, कवळीमुळे तो त्यांना चावता येत नव्हता, नुसता धरून ठेवला होता.

"मी बसलो नाही तिथं," ते म्हणाले. "मी जागा धरून आहे."

"कोणाची?" वानखेड्यांनी विचारलं.

शेजारच्या गच्चीवर कोणाचा तरी पतंग कापला गेला आणि बराच वेळ काही ऐकू येईना. तो गलका संपेपर्यंत काका थांबले. मग म्हणाले, "मिलिंद पाचघरेची. मंडळानं त्याले रीतसर बोलवावं. तो नाही म्हणाला तर ईराले देऊन टाका, मी उठतो."

"आता वय काय हो त्याचं?" सबनीस बाईंनी हळूच विचारलं.

"पंचेचाळीस. राष्ट्रीय पातळीवर युवाच आहे तो."

या वेळी कोणी हसलं नाही. ईराने माझ्याकडे बघितलं. यंदाची मर्यादा किती होती, ते आम्हा दोघींनाही पाठ होतं.

काकांना मुलगा आहे हे मला ठाऊक होतं. तो अमेरिकेत असणार असं मी धरून चालले होते. कोणी तसं सांगितलं नव्हतं, पण आमच्यात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याचा मुलगा अमेरिकेतच असतो. जिना उतरताना सबनीस बाई म्हणाल्या, "कसली अमेरिका? सोडाल्याला असतो तो."

सोडाला म्हणजे आमच्याच शहरात. आमच्या घरापासून कॅबने जाता येतं. मी जिन्यातच थांबले.

सबनीस बाईंनी जे सांगितलं ते असं. वीसेक वर्षांपूर्वी मिलिंद चोविशीचा होता, मंडळाचा युवा प्रमुख होता आणि काका मंडळाचे कार्यवाह. गणपतीचा कार्यक्रम हिंदीत करू या, म्हणजे इथे वाढलेल्या मुलांना समजेल आणि ती येतील, असं मिलिंदने भर सभेत मांडलं. काका उभे राहिले आणि म्हणाले, खाली बस, तुझी वेळ यायची आहे अजून. "मिलिंद खाली बसला," सबनीस बाई म्हणाल्या. "भांडला असता तर बरं झालं असतं. पण त्यानंतर त्याने वडिलांना काही विचारलंच नाही. मंडळ सोडलं ते न विचारता, तेव्हापासून प्रभार काकांकडे. काकांनी लावून दिलेली नोकरी सोडली ती न विचारता, दुकान काढलं ते न विचारता. लग्न केलं नाही, तेही न विचारता. आई होती तोवर सणावाराला यायचा. आई गेली आणि ते थांबलं."

मंडळाच्या वतीने सोडाल्याला जायचं काम माझ्याकडे आणि ईराकडे आलं. शनिवारी आम्ही गेलो. मुख्य रस्त्याच्या मागच्या गल्लीत मिलिंदचं फ्लेक्स छापायचं दुकान. बाहेर पुढाऱ्यांचे तयार बॅनर गुंडाळ्या करून उभे ठेवले होते. आत मोठ्या मशीनमधून एक चेहरा हळूहळू बाहेर येत होता, आणि त्याच्या डोक्यावर अक्षरं होती, युवा हृदय सम्राट. कॉम्प्युटरसमोर बसलेला माणूस त्याच चेहऱ्याच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या माउसने पुसत होता. त्याचे स्वतःचे केस जवळजवळ सगळे पांढरे झाले होते. आम्ही क्षणभर दुसराच कोणी समजून मिलिंद कुठे आहेत असं त्यालाच विचारलं.

मी निरोप सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतला.

"मतलब, बाबा अजून ते बघतात? वो युवावाला?"

"प्रभारी म्हणून."

तो जरासा हसला. "ताई, मी दिवसभर हेच करतो. साठीचा नेता येतो, म्हणतो पस्तीसचा दिसला पाहिजे. करून देतो. मला कोण करून देणार?" मग ईराकडे बघून म्हणाला, "तू घे ते. आणि हिंदीत कर कार्यक्रम, पोरं येतील. बाबांना सांगा, पद नको मला."

आम्ही उठलो. त्याने पुन्हा माउस हातात घेतला, आणि पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "घरी बोलावलंय का त्यांनी? मतलब, नुसतं, घरी?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण तो पाचघऱ्यांचाच मुलगा, त्याने शोधून काढलं असतं. मी म्हटलं, नाही, तसं काही म्हणाले नाहीत.

"ठीक आहे," तो म्हणाला.

आम्ही परतलो तेव्हा काका स्वेटर आणि कानटोपी घालून इमारतीच्या जिन्यात उभे होते. मिलिंद काय म्हणाला ते त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "कसा दिसते?"

मी तोंड उघडायच्या आत ईरा म्हणाली, "एकदम यंग, काका."

काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते बघून मला तिला रागावता आलं नाही. मग मी बाकीचं सांगितलं. पद नको म्हणतो. आणि विचारत होता, नुसतं घरी बोलावलंय का.

काका पायरीवर बसले. "नुसतं कसं बोलवू? काही तरी निमित्त पाहिजे नं. म्हणून तर मंडळाचं काढलं मी."

"जेवायला बोलवा," मी म्हटलं. "जेवायला निमित्त लागत नाही."

फोन त्यांनी आमच्या घरात बसून केला. एकट्याने करवत नव्हता, हे उघड होतं. पलीकडून उचलल्याबरोबर म्हणाले, "हॅलो, मी पाचघरे बोलून राहिलो." ईरा उठून आत गेली. काका एवढंच बोलले की येत्या रविवारी जेवायला ये. फोन ठेवून म्हणाले, "बघतो म्हणते." आणि थोड्या वेळाने, "पुढारी बघतो म्हणाला म्हणजे नाही. पण हा पुढारी नाही नं."

रविवारी सकाळपासून त्यांच्या स्वयंपाकघरात पातोडीचा रस्सा शिजत होता, वऱ्हाडी, तिखटजाळ, तर्रीचा. बेसनाच्या वड्या त्यांनी स्वतः थापल्या होत्या. मी पोळ्या केल्या. वाढायला थांबा, असं त्यांनी मला दोनदा बजावलं. मिलिंद एक वाजून गेल्यावर आला. काकांनी दार उघडलं आणि त्यांची नजर सरळ त्याच्या केसांकडे गेली. तिथेच राहिली. मग म्हणाले, "ये. ट्रॅफिक असन नं." मिलिंद म्हणाला, "हो, होतं."

दोघं समोरासमोर बसले. मी वाढलं. काका त्याच्या पानाकडे बघत होते, तो पानाकडेच बघत होता. पहिला घास घेण्याआधी मिलिंदने खिशातून एक गोळी काढली आणि पाण्याबरोबर घेतली.

"हे कायचं?" काकांनी विचारलं.

"बीपीची. झाली काही वर्षं."

"डॉक्टर काय म्हणते?"

"काही नाही. सुरुवातीला विचारत होता, घरात कोणाला आहे का. मी म्हटलं, माहीत नाही."

आयुष्यभर ज्या माणसाने परक्या लोकांच्या कागदांवर आईवडिलांच्या दुखण्यांचा रकाना रिकामा दिसला की प्रस्ताव परत पाठवला, तो माणूस हे ऐकून हात पानात तसाच ठेवून बसला. मग हळूच म्हणाला, "मले आहे. तुझ्याएवढा होतो तेव्हापासून. तुझ्या आजोबालेही होतं."

मिलिंदने मान हलवली. काका उठले, त्याच्या पानातली रश्श्याची वाटी उचलून स्वतःच्या पानाशी ठेवली आणि त्याला साधं वरण वाढलं. "हे नको खाऊ. तिखट आहे, मीठही जास्त पडलं." मिलिंदने वरणभात कालवला. त्यापुढे दोघं काय बोलले म्हणाल, तर दुकानाच्या भाड्याबद्दल दोन वाक्यं आणि थंडीबद्दल एक.

तो गेल्यावर मी भांडी आवरत होते. काका खिडकीशी उभे होते. म्हणाले, "ईरा खोटं बोलली, ताई."

"लहान आहे ती काका. तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलली."

"हो, बरं वाटलं होतं." मग माझ्याकडे पाठ ठेवूनच, "मी इथं त्याच्यासाठी जागा धरून बसलो, आणि तो तिकडे म्हातारा होऊन राहिला. मले कोणी सांगितलं नाही."

मला रडू आलं, ते मी नळ सोडून झाकलं.

पुढच्या सभेत काकांनी युवा शाखा ईराच्या हवाली केली. भाषण केलं नाही. प्रभारी हा शब्द आता काढून टाका, एवढंच म्हणाले. संध्याकाळी बातम्यांना ते अजून येतात, पण परवा पडद्यावर एका पन्नाशीच्या पुढाऱ्याला युवा म्हटलं तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. ईरालाच राहवलं नाही, तिने विचारलं, काका, हे यंग की नाही? ते म्हणाले, "त्याच्या बापाले विचार."

मिलिंद जाताना काकांनी त्याला पोळ्या आणि वड्यांचा डबा दिला होता. वड्या रश्श्यातल्या नाहीत, वेगळ्या, बिनतिखटाच्या. डबा नवाकोरा, जाड स्टीलचा. "मुद्दाम चांगला दिला," ते मला म्हणाले होते. "साधा असता तर ठेवून घेतला असता त्यानं. हा परत आणून द्यावाच लागन."

होळी होऊन गेली. डबा आलेला नाही. फोनही नाही. काकांनी केलेला एक फोन त्याने उचलला, कामात आहे म्हणाला, आणि ते खरंही असेल, निवडणुका जवळ आल्या की फ्लेक्सवाल्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. काकांचा आवाज अलीकडे बसल्यासारखा येतो आणि ते जेवणही एकाच वेळचं करतात, असं मला वाटतं. विचारलं तर सांगत नाहीत.

काल सकाळी मी ऑफिसला निघाले तर ते खाली गेटपाशी इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. सोडाल्याची बस इथून कुठे मिळते, असं त्यांनी विचारलं. इतकी वर्षं या शहरात राहिलेल्या माणसाला ते ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, काका, थांबा, कॅब बोलावते, सरळ दारात सोडेल.

"नको, बसच सांगा," ते म्हणाले. "लवकर नाही पोचायचं मले. काय बोलायचं ते अजून ठरायचं आहे."